न्यूयॉर्क क्लिपरचे जुने अंक: खेळ सापडतो, माणूस नाही

इलिनॉय विद्यापीठाच्या ‘इलिनॉय डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन्स’ या संकेतस्थळावर न्यूयॉर्क क्लिपर साप्ताहिकाचे १८५३ ते १९२४ चे अंक फुकट वाचता येतात. १८७१ ते १८७५ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक बेसबॉल संघटनेत, नॅशनल असोसिएशनमध्ये, खेळून विस्मृतीत गेलेला खेळाडू नागपुरात बसून शोधायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

‘बेसबॉल’ असा एक शब्द टाकू नका. तेव्हा ‘बेस बॉल’ असं तोडून छापत. पूर्ण नावही नको. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, नुसतं आडनाव असायचं. क्रिकेटमध्ये नुसतं ‘नायडू’ म्हटलं तर दोघा भावांपैकी सी. के. की सी. एस.? तोच घोळ. बॉस्टनच्या राइट बंधूंना जी. आणि एच. अशी आद्याक्षरं मिळाली. आपल्या अनामिकाला कोण देतो? म्हणून आडनाव, संघाचं शहर आणि वर्ष अशी तिहेरी चाळणी लावा.

अक्षरं बारीक, छपाई पुसट. पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखणारं यंत्र ‘ई’ला ‘सी’ वाचतं, ‘एच’ला ‘बी’. आडनावाची अशी बिघडलेली स्पेलिंगही मुद्दाम टाकून बघायची. तरी हाती काही लागलं नाही, तर एप्रिल ते नोव्हेंबरचे अंक पानोपानी चाळायचे. अंकावरची तारीख शनिवारची असते, सामन्याची नव्हे. सामन्याचा दिवस बातमीतूनच उचलावा, नाहीतर एकाच सामन्याचे दोन होतात. इथली सगळ्यात उत्तम सोय म्हणजे नोंदणी केली की यंत्राने चुकवलेली ओळ आपण सुधारू शकतो. पान छापायचंच तर सीताबर्डीच्या बाजारात ए-३ कागदावर काढा, ए-४ वर आकडे मुंगीएवढे होतात.

खेळ शोधायला या संकेतस्थळाला पाचपैकी साडेचार गुण. माणूस शोधायला मात्र दोनच, कारण जन्म, घर, मरण यांचा पत्ता इथे क्वचितच लागतो. त्यासाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून अमेरिकेची जनगणना बघावी. १९०० च्या नोंदीत जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीपायी गेले, म्हणजे खेळ सोडल्यानंतरची १८८० ते १९०० ही वीस वर्षं कोरी. ती शहरांच्या वार्षिक डिरेक्टरींनी भरायची: नाव, धंदा, पत्ता. एखाद्या वर्षी त्याचं नाव गळतं आणि त्याच पत्त्यावर बायकोच्या नावापुढे ‘विधवा’ येतं. मृत्यूची नोंद त्या दोन डिरेक्टरींच्या मधल्या काळात शोधावी.