दुखणं दाढेचं, उपचार जबड्यावर

वरच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, कॅप बसली, तरी चावताना कळ येतच होती. तक्रार घेऊन त्याच दवाखान्यात गेले, तर दाढेला हातसुद्धा लावला नाही. तोंड उघड-मीट करायला सांगितलं, कानाजवळ कट्ट झालं आणि निदान तयार: "जबडा सरकलाय. रूट कॅनाल उत्तम आहे, जबड्यामुळे फेल जातंय." असा आवाज धडधाकट माणसांच्या जबड्यातही येतो आणि दुखत नसेल तर त्यावर काही करावं लागत नाही, हे तेव्हा कोण सांगणार?

मग पॅकेज निघालं. आधी मशीनने दात झिजवून बाइट, म्हणजे वरखालच्या दातांची जुळणी, सेट करायची, मग दोन्ही बाजूंना कॅपा. पैसे आगाऊ, सवलत फक्त आजच. निळा कागद दातांत धरायला लावायचा आणि ठसा उमटेल तिथे मशीन फिरवायचं. चांगल्या दातांचं इनॅमल उडत होतं, आणि ते काही परत येत नाही. गार पाणी झोंबायला लागलं तर उत्तर, "जबडा ॲडजस्ट होतोय." एक्स-रे मागितला की "पाठवतो."

शेवटी एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनालचा तज्ज्ञ, गाठला. त्यांनी दाढ ठोकून पाहिली, थ्री-डी स्कॅन काढला. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथा, अगदी बारीक कॅनाल (मुळातली नळी) असतो; माझ्या दाढेतला कुणी उघडलाच नव्हता. दुसऱ्या कॅनालमध्ये फाइलचा, म्हणजे नळी साफ करायच्या बारीक सुईचा, तुटका तुकडा. फाइल कुणाच्याही हातून तुटू शकते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पेशंटला सांगायचं, का जबड्यावर खापर फोडून वर पॅकेज विकायचं?

जबड्याचं दुखणं खोटं असतं असं नाही. उलटही होतं: चावायच्या स्नायूंचं दुखणं दाढेत जाणवतं आणि धड दाढेचं रूट कॅनाल होऊन बसतं. दाढ बधिर करूनही कळ थांबली नाही, तर मूळ दुसरीकडे असण्याची शक्यता मोठी. आणि जबडा खरंच दुखत असेल तरी सुरुवात मऊ खाणं, व्यायाम, दातांवर बसवायचा, काढता-घालता येणारा साचा (स्प्लिंट) अशी होते. मशीन घेऊन दातांवर कुणी आला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तोंड उघडू नका. रूट कॅनालच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे त्याच दिवशी मागून घ्या.

माझी दाढ पुन्हा उघडून नीट भरली, आता शांत आहे. आगाऊ दिलेले पैसे मात्र अडकलेत. "उपचार तुम्हीच अर्धवट सोडलेत," म्हणतात.