तीन एलए-२ए, एक अभंग

मुंबईतल्या एका स्टुडिओत मी चार वर्षं सहायक होते. तिथल्या रॅकमध्ये खरा टेलेट्रॉनिक्स एलए-२ए होता, म्हणजे गाण्यातल्या जोराच्या जागा आपोआप दाबून आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर. दोनच मोठे नॉब, गेन (आवाजाची पातळी) आणि पीक रिडक्शन (किती दाबायचं). आता साताऱ्यात घरच्या खोलीत अभंग-भारुडं रेकॉर्ड करते. ते यंत्र घेणं मला परवडणारं नाही, म्हणून संगणकात त्याची नक्कल करणारे तीन प्लगइन एकाच अभंगावर आठवडाभर लावून पाहिले: युनिव्हर्सल ऑडिओचा एलए-२ए, वेव्हजचा सीएलए-२ए आणि अ‍ॅनालॉग ऑब्सेशनचा फुकट मिळणारा लाला.

मूळ यंत्रात आवाज वाढला की आतली एक पट्टी उजळते, तो उजेड प्रकाशाला जागणाऱ्या रेझिस्टरवर पडतो आणि गेन खाली येतो. आवाज थांबला की निम्मा दाब सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो. उरलेला सुटायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत लागतात. आधी किती जोरात आणि किती वेळ गायलं, त्यावर ते ठरतं. नक्कल जमली की नाही ते इथे कळतं. पडद्यावरचा मीटर कितीही हुबेहूब काढलेला असो.

माझ्या अभंगात गाणाऱ्या बाई तार षड्जावर ‘विठ्ठला’ धरून ठेवतात आणि त्याच श्वासात मध्य सप्तकात जवळजवळ कुजबुजीपर्यंत उतरतात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या साध्या कॉम्प्रेसरवर ती कुजबूज पंख्याच्या आवाजासकट धाडकन वर येते. या तिन्हींवर ती हळूहळू उघडते. तिन्हींची पातळी आधी कानाने सारखी केली होती. ते केलं नाही तर जो मोठा वाजतो तोच गोड वाटतो. शिवाय आत जाणारा आवाज उणे १८ डीबीएफएसच्या (संगणकातल्या कमाल पातळीच्या १८ डीबी खाली) आसपास ठेवा, म्हणजे नॉब मूळ यंत्रासारखे वागतात.

फरक जोर दिल्यावर दिसला. युनिव्हर्सल ऑडिओच्या प्लगइनमध्ये दाब वाढवला तरी ‘ठ्ठ’चा ठसका टिकतो, वरची कड मात्र गोल होते. स्टुडिओत ऐकलेल्या आवाजाच्या सर्वांत जवळ हाच. पूर्वी तो त्यांच्याच कार्डावर किंवा इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) चालायचा. २०२२ पासून साध्या संगणकावरही चालतो, म्हणून तर माझ्या हाती लागला. सीएलए-२ए आवाज थोडा पुढे आणून ठेवतो, भारुडाला छान. त्यातला ५० आणि ६० हर्ट्झच्या, विजेच्या गुणगुणीचा ‘अ‍ॅनालॉग’ स्विच मात्र बंद करा, शेवटी नुसता तानपुरा उरतो तेव्हा ती ऐकू येते. लाला जरा स्वच्छ, जोर दिल्यावर कमी रंगतो. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूत इतकं काम? करणाऱ्याला जमेल तेवढी देणगी द्याच.

ढोलकीवर एलए-२ए लावू नका, चाट उशिरा पकडला जातो. तिथे ११७६ या वेगवान कॉम्प्रेसरची नक्कल हवी. तिचा अटॅक नॉब (आवाज किती झटकन पकडायचा) उलटा असतो: उजवीकडे फिरवला की २० मायक्रोसेकंदांकडे, म्हणजे वेगाकडे जातो. मी तो पूर्ण डावीकडे ठेवते, थाप जिवंत राहते.

घेण्यापूर्वी परवान्याची अट नक्की वाचा. एका कंपनीचं (या तिघांपैकी नव्हे) प्लगइन इंटरनेटशिवाय उघडेना, आणि त्या दिवशी वीज गेल्याने इंटरनेट बंद. माणसं बसून राहिली.

मी युनिव्हर्सल ऑडिओचा विकत घेतला. मुख्य आवाजावर तो, कोरसवर लाला. पण स्टुडिओत गाणारा स्वतःला यंत्रातूनच ऐकायचा आणि त्यानुसार गायचा. नंतर लावलेल्या प्लगइनने ते कसं होणार? म्हणून परवा बफर ६४ सॅम्पलवर आणला, म्हणजे आवाज संगणकातून उशीर न होता परत येतो, आणि लाला बाईंच्या हेडफोनमध्येच सोडला. कुजबूज स्वतःला स्पष्ट ऐकू आल्यावर त्यांनी ती आणखी हलकी घेतली. तोच टेक ठेवला.