जयपूर-अत्रौली गायकी : वर्षभराच्या श्रवणानंतरचा अनुभव

गेल्या वर्षात नव्याने ऐकलेल्या संगीतापैकी जे अजूनही रोज ऐकावेसे वाटते, ते जवळजवळ सगळे ख्यालगायनाच्या जयपूर-अत्रौली घराण्याचे आहे. किशोरीताई आमोणकरांमुळे घराण्याचे नाव परिचयाचे होतेच. त्यांच्या आधीच्या पिढीचे गाणे मात्र मी प्रथमच लक्षपूर्वक ऐकले. घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब (1855–1946) यांची तालीम थेट त्यांच्याकडून मिळालेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर आणि ती त्यांच्या मुलांकडून मिळालेले मल्लिकार्जुन मन्सूर या तिघांविषयी येथे लिहीत आहे.

सर्वांत जास्त ऐकल्या गेल्या त्या केसरबाईंच्या 78 गतीच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत असल्यामुळे ख्यालासारख्या विस्तारप्रधान प्रकारावर त्यात अन्यायच होणार, असा सर्वसाधारण समज असतो. पण बाईंचा नटकामोद हा जोडराग ऐकताना घाई कुठेही जाणवत नाही. कामोदची खूण असलेली रिषभावरून पंचमावरची झेप येते आणि ती नीट कानावर पडते न पडते तोच नटाचे अंग पुढे येते. हा जोड कुठे झाला हे दाखवता येऊ नये, इतका तो बेमालूम आहे. आवाज मोकळा, भरदार, ‘आ’कार स्वच्छ आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे अगदी सहज. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीत बाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या मते या प्रसिद्धीने त्यांचे थोडे नुकसानच केले आहे, कारण पुष्कळ जण ती साडेतीन मिनिटे ऐकून तिथेच थांबतात. नव्या श्रोत्याने भैरवी बाजूला ठेवून नटकामोद आणि ललत यांपासून आरंभ करावा.

ध्वनीच्या दर्जाविषयी सांगणे आवश्यक आहे. कानात घालायच्या उपकरणांवर या जुन्या मुद्रणांची खरखर फार टोचते. तेच मुद्रण खोलीतल्या साध्या स्पीकरवर, आवाज मध्यम ठेवून लावले की ती मागे सरते आणि गळा पुढे येतो. काही ठिकाणी खरखर काढण्याच्या भरात तंबोऱ्याची आसही (मागे रेंगाळणारा नादही) पुसून टाकलेली आढळते. अशा ‘स्वच्छ’ प्रतीपेक्षा खरखर असलेली प्रत बरी. मी वर्गणी भरून वापरत असलेल्या सेवेवर एकच तबकडी दोन जागी दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकू येते, कारण ती उतरवून घेताना गती सारखी राखलेली नाही. रागांची नावेही तिथे निष्काळजीपणे दिलेली आहेत. बिहागडा ‘बिहाग’ म्हणून नोंदवला की बिहागात नसलेला कोमल निषाद आल्यावर नवा श्रोता गोंधळणारच.

मन्सूरांच्या बाबतीत लांबीची अडचण नाही, कारण त्यांची मैफलींतील दीर्घ मुद्रणे उपलब्ध आहेत. धारवाडजवळच्या मन्सूर गावी 1910 साली जन्मलेल्या या गायकाने आधी नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली, मग अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ यांच्याकडे आणि मंजीखाँ 1937 मध्ये गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू भुर्जीखाँ यांच्याकडे. शिवमत भैरव, बसंती केदार, खट अशी अनवट (क्वचितच गायल्या जाणाऱ्या) रागांची नावे पाहून मन आधीच दबते. प्रत्यक्षात मन्सूर राग समजावून सांगायला थांबतच नाहीत. प्रास्ताविक आलापी फारशी न करता ते बंदिशीला हात घालतात आणि तिच्या मुखड्याच्या (सुरुवातीच्या तुकड्याच्या) आधाराने रागाचे चलन आपोआप कानात बसत जाते. तान कुठल्या मात्रेवर सुरू झाली हे शोधेपर्यंत ती वळसा घेऊन पुढच्या स्वरावर गेलेली असते, आणि आता दम संपला असे वाटते तिथेच आणखी एक वेढा येतो. शिवमत भैरवात भैरवाच्या अंगाला तोडीचे अंग येऊन भिडते. ही जागा पहिल्या काही श्रवणांत नुसती चमत्कारिक वाटली होती. पावसाळा संपेपर्यंत तिचीच वाट पाहत मी तो राग ऐकू लागलो.

मोगूबाईंची मुद्रणे त्या मानाने फारच थोडी आहेत. जी आहेत त्यांत लयीची पकड विलक्षण आहे. केसरबाईंच्या आवाजातील दिपवणारा भाग इथे नाही. त्यामुळे दोघींना पाठोपाठ लावू नये, मोगूबाईंवर उगाच अन्याय होतो.

उणीव सांगायची तर ती लयीतल्या एकसारखेपणाची. बरेचसे गाणे मध्य लयीच्या त्रितालात असल्याने चार-पाच राग सलग लावले की कान बधिर होतो आणि सगळे एकाच वळणाचे वाटू लागते. ठुमरीचा लाडिकपणा किंवा किराणा घराण्याची संथ, एकेका स्वरावर रेंगाळणारी बढत ज्यांना हवी आहे, त्यांची इथे निराशा होण्याचा संभव आहे. मी स्वतः आता एका बैठकीत दोनांपेक्षा जास्त राग ऐकत नाही आणि त्यांतला एक तरी आधी ऐकलेला असेल असे पाहतो.