एल्डन रिंग: आधी मार खा, मग राज्य कर

२०२२ चा गेम मी या पावसाळ्यात घेतला, फोंड्यात बाहेर धो धो पाऊस, करणार काय. रेच नावाचं सगळ्यात कंगाल पात्र घेऊन सुरू केलं, म्हणजे लेव्हल १, हातात एक सोटा आणि अंगावर जवळपास काहीच नाही. बाहेर पडल्या पडल्या सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो, ट्री सेंटिनेल, त्याने मला किती वेळा लोळवलं ते मोजायचं सोडून दिलं, आणि मेलं की रून्स, म्हणजे शत्रू मारून जमवलेली कमाई, तिथेच पडतात, उचलायच्या आधी परत मेलात तर गेले कायमचे.

पण खरी मजा इथेच आहे बरं का. या गेममध्ये शत्रू तुमच्या लेव्हलसोबत वाढत नाहीत, तो घोडेस्वार जसा होता तसाच राहतो, तुम्ही मात्र रून्स जमवून ताकद वाढवता, स्मिथिंग स्टोन शोधून शस्त्र घासत बसता, आणि पंधरा दिवसांनी परत त्याच्यासमोर उभं राहून चार-पाच फटक्यात त्याला आडवा करता, आईशप्पथ काय वाटतं!! त्याच्याकडून गोल्डन हॅलबर्ड नावाचा लांब दांड्याचा परशू मिळतो, फक्त तो पेलायला स्ट्रेंग्थ ३० लागते.

तक्रार एकच, पॉजचं बटण नाही. आई जेवायला हाक मारते, माशाचं हुमण निवतंय, आणि मी "आलो गे" म्हणत बॉससमोर, म्हणजे मोठ्या शत्रूसमोर, लोळतोय. मालेनिया नावाच्या बॉसबद्दल तर बोलूच नका, ती मारता मारता स्वतःचं रक्त भरून घेते, तिथे माझी सगळी मस्ती उतरली.