सहा गुंठे, तीन वारस आणि राजारामपुरीतलं एक ऑफिस: साडेतीन तारे

ऑफिसचं नाव लिहीत नाही. खाली कौतुक आहे तशी तक्रारही आहे, आणि कोल्हापूर एवढं लहान आहे की संध्याकाळी रंकाळ्यावर कुणीतरी गाठून विचारणारच, "काय ओ, आमच्याबद्दल लिवलंय म्हणं?" राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. लायसन्सवाला इंजिनिअर, वय पस्तिशीतलं, आणि कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी एक मुलगी. कामं हीच: गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून घेतलेली जागा नियमात बसवणं), पोटविभाजन, बांधकाम परवाना, झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी दाखवलीय त्याचा).

माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग. आबांनी 1994 साली फुलेवाडी रिंगरोडच्या बाजूला सहा गुंठे घेतले, खरेदीखत करून. सातबाऱ्यावर सामाईकात बारा नावं, त्यात आबांचं एक. 2001 साली गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा शेजारच्यांनी फाइली केल्या. आबा म्हणाले, "बघूया की." ते बघणं वीस वर्षं चाललं. 2021 मध्ये कायदा दुरुस्त होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आबा गेले. मागं आम्ही तिघं: मी, चाकणला नोकरी करणारा धाकटा भाऊ आणि इचलकरंजीत दिलेली बहीण.

आधी गेलो एका एजंटाकडं. त्याचं ऑफिस म्हणजे चहाची गाडी. दोन घोटात त्यानं विषय संपवला. "सहा गुंठे, तिघं, दोन-दोन गुंठे. मालक, यात विचार करण्यासारखं काय हाय? मूळ कागद सोडा माझ्याकडं, महिन्यात करतो." मला पण हिशेब बरोबरच वाटला होता. सहा भागिले तीन दोन, हे शाळेत शिकलोय. पण मूळ कागद सोडायला हात होईना. मग मित्रानं या ऑफिसचा पत्ता दिला.

पहिल्या बैठकीचे 500 रुपये घेतात, पुढं काम दिलं तर फीत वळते करतात. मला ते 500 जरा लागले, खोटं कशाला बोलू. पण आजवर कागदाच्या कामावर जेवढा पैसा घातला, त्यातले हेच सगळ्यात कामाला आले.

त्यानं सातबारा बघितला, खरेदीखत बघितलं, भाग नकाशा मागवून घेतला. मग एक प्रश्न विचारला, तोही मला नाही, बहिणीला. "ताई, तुम्ही हक्कसोड देणार आहात का? तसं असेल तर नकाशा दोन भागांचा काढतो, नसेल तर तीन." खोलीत शांतता. आबा गेल्यापासून चुलते, मामा, भावकी सगळे धरूनच चालले होते की ती वाटा सोडल्याची सही करणार. तिला थेट असं कुणी विचारलंच नव्हतं. मी पण नाही. ती म्हणाली, "तीन काढा." संपलं.

मग कागदावर आमची जागा. रस्त्यावर तोंड 66 फूट, आत खोली 99 फूट. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट, त्यामुळं सहा गुंठ्यांचे सहा चौकोन अगदी पाटीवर आखल्यासारखे बसतात. भाऊ म्हणाला, एकामागं एक तीन पट्टे पाडू, प्रत्येकी 66 बाय 33, ऐसपैस. इंजिनिअरनं पेन्सिलीनं पुढून मागं वाट काढून दाखवली. "मागच्या दोघांनी घरी जायचं कुठनं? अगदी वीस फुटाचा रस्ता धरला तरी 66 फूट आत न्यावा लागतोय. 1320 चौरस फूट. म्हणजे गुंठ्याच्या वर जागा नुसती जाण्या-येण्यात गेली." मग उभ्या पट्ट्या. प्रत्येकाला रस्ता, पण रुंदी 22 फूट.

आणि मग त्यानं विकास आराखड्याचा नकाशा काढला. आमच्यासमोरचा रस्ता जागेवर आहे वीस फुटाचा. आराखड्यात तो 12 मीटरचा, साधारण चाळीस फुटाचा. म्हणजे रुंदीकरणात दोन्ही बाजूंचे साधारण दहा-दहा फूट जाणार. आमचे 66 गुणिले 10, 660 चौरस फूट. सहा गुंठ्यांचे राहिले 5874 चौरस फूट, आणि प्रत्येकाच्या वाटणीचे दोन गुंठे झाले 1958 चौरस फूट. रस्त्यात गेलेल्या जागेचा एफएसआय, म्हणजे तेवढ्या बांधकामाचा हक्क, मागता येतो, हे त्यानं सांगितलं, पण एफएसआयवर कपडे वाळत घालता येत नाहीत, हे माझ्या बायकोचं म्हणणं.

तीस वर्षं आम्ही सांगत होतो, आमची सहा गुंठे जागा आहे. ते सहा गुंठे कागदावर नेमके किती उरतात, ते कुणी एजंट, कुणी नातेवाईक, कुणी शेजारी बोललं नव्हतं. हा माणूस अर्ध्या तासात बोलला.

मधेच भावानं मोबाईलवर वाचून एक शक्कल काढली. 2020 च्या डिसेंबरपासून जी एकत्रित नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवान्याची सोपी वाट आहे आणि 150 ते 300 ला वेगळी. "मग चार भाग करूया की, सगळे 150 च्या आत बसतील." इंजिनिअर हसला. "वारस तीन, भाग चार. चौथा कुणाच्या नावावर, माझ्या?"

दुसरी गोष्ट जी मला आवडली ती जागेवरची. रविवारी सकाळी साडेसातला स्वतः आला, टेप, दोरी आणि चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन. भाऊ टेपचं एक टोक धरून बाभळीच्या काट्यात उभा. आधी रस्त्याची हद्द मारली. आबांनी लावलेला नारळ त्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला चार फूट गेला. कुणी काही बोललं नाही. मग तीन पट्ट्या. बहीण मधल्या पट्टीत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरले, म्हणाली, "दादा, हे तर आमच्या इचलकरंजीच्या लूमच्या शेडएवढंबी न्हाई." 22 फूट कागदावर बरे दिसतात. त्यात दोन्ही बाजूंचं अंतर सोडल्यावर घर राहतं की बोळ, हे फक्कीच्या रेषेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यावर त्यानंच तोड काढली: वाटणी करा, पण भिंत सामाईक ठेवा, रो-हाऊससारखी. कडेच्या दोघांनी एकेका बाजूला अंतर सोडायचं, मधल्याला पूर्ण 22 फूट बांधायला मिळतात, पण खिडक्या फक्त पुढं आणि मागं. हे ऐकल्यावर मधला पट्टा कुणाला हवा यावर आमचं जे चाललं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मधला बहिणीलाच आला. नारळाचा पट्टा माझा.

आता तक्रारी.

तीन महिने सांगितले होते. दिवाळी झाल्यावर फाइल दिली, गुंठेवारीचं प्रमाणपत्र आणि पोटविभाजनाचा मंजूर नकाशा हातात आला तो दसऱ्याला. अकरा महिने. त्यातले बरेचसे मोजणीत आणि त्रुटी निघण्यात गेले, ते त्यांच्या हातात नव्हतं हे मान्य. पण एक त्रुटी पूर्णपणे त्यांची. नकाशावर माझ्या पट्ट्याचं क्षेत्र 181.9 चौरस मीटरच्या जागी 189.1 पडलेलं. आकडे उलटेपालटे. तसाच नकाशा अपलोड झाला आणि फाइल परत आली, महिना फुकट. चूक धरली मी. 22 गुणिले 89 (खोलीच्या 99 फुटांतले रस्त्यात गेलेले 10 वजा) मला तोंडपाठ होतं. आमच्याकडं लेथवर एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, चुकला तर जॉब रिजेक्ट होऊन दारात येतो. इथं सात मीटर चुकले आणि "टायपिंग मिस्टेक हो काका" म्हणून विषय मिटवला. ती मुलगी कामाची हुशार आहे, पण तिच्यावर एकटीवर तीस-चाळीस फायली असतील तर असंच होणार. तपासायला दुसरं माणूस ठेवा.

फोन. पहिल्या महिन्यात दोन रिंगला उचलतात. पैसे अर्धे पोचले की सहा रिंगला. शेवटी मी शॉप बंद करून जिना चढायचो.

बिल. ठरली होती 45,000 फी, सरकारी भरणा वेगळा. तो आम्ही स्वतः भरला, पावत्या आपल्या नावावर, हे चांगलं. पण शेवटच्या बिलात "इतर खर्च 9,000" अशी एक ओळ. इतर म्हणजे काय विचारल्यावर प्लॉटिंग, झेरॉक्स, येणं-जाणं असं तोंडी सांगितलं. म्हटलं, लिहून द्या. लिहायला बसल्यावर ते 3,500 झाले. मी तेवढेच दिले. तोंड वाकडं केलं नाही त्यानं, हे त्याच्या बाजूनं सांगतो, पण विचारलंच नसतं तर साडेपाच हजार गेले होते.

झोनबद्दल वेगळं लिहितो, कारण बरेच जण त्याच कामासाठी जातात. माझ्या मित्राची जागा आमच्यापासून पुढं, आराखड्यात हिरवी, म्हणजे शेती. त्याला ती पिवळी, रहिवासी करून हवी. त्याला घेऊन मी याच ऑफिसात गेलो. 500 घेतले आणि सरळ नाही म्हणाला. "काका, मंजूर आराखड्यात झोन बदलायचा तर नगररचना कायद्याचं कलम 37 आहे. महापालिकेचा ठराव पाहिजे, जाहीर नोटीस, हरकतींना महिना, सुनावणी, मग प्रस्ताव मुंबईला. शेवटची सही शासनाची. मी अर्ज करून देईन, पण होईल असं सांगणार नाही. जो कोण 'झोन बदलून आणतो, एवढे द्या' म्हणतोय, त्याला चहा पाजा आणि पाठवा." मित्र नाराज झाला, त्याला होकार हवा होता. दुसरीकडं गेला, तिथं होकार मिळाला. ॲडव्हान्सही गेला. झोन अजून हिरवाच आहे.

या ठरावाच्या भानगडीत मला एक गोष्ट कायम खटकते. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाकडं होता. गल्लीतला रस्ता 9 मीटरचा की 12 चा, कुठल्या जागेवर काय येणार, असल्या निर्णयात ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा नगरसेवकच नव्हता. नोटिसा पेपरात येतात, बारीक टायपात, निविदांच्या शेजारी. आमच्या रस्त्याची रुंदी अशाच एखाद्या कागदात ठरली असणार आणि आबा तेव्हा बहुतेक खाली कुस्तीची बातमी वाचत असतील.

एक सूचना उपनगरातल्यांना. माझा मेहुणा पाचगावात राहतो, पत्ता कोल्हापूरच सांगतो. त्याची फाइल महापालिकेत चालत नाही. शहराभोवतीच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये वेगळं प्राधिकरण झालं, कागद तिकडं जातो. हद्दवाढ पाहिजे म्हणणारे आणि नको म्हणणारे आळीपाळीनं मोर्चे काढतात, तोवर रस्त्याच्या या बाजूचं घर एका ऑफिसात आणि त्या बाजूचं दुसऱ्या. या इंजिनिअरला दोन्हीकडची कामं येतात, पण प्राधिकरणाच्या फाइलीला फी जास्त सांगतो. का, ते विचारून घ्या.

पूररेषेचं मात्र पहिल्या बैठकीतच बघतो, न सांगता. आमची जागा निळ्या रेषेच्या (जिच्या आत बांधकामाला बंदी) बाहेर निघाली. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलेलं ते आम्हाला डोळ्यानं माहीत होतं, तरी नकाशावर बघितल्यावर श्वास मोकळा झाला. रेषेच्या आत असतो तर फक्की मारायची वेळच आली नसती.

सल्ल्याला पाच तारे. नकाशाच्या अचूकतेला तीन. फोनला दीड, तोही त्या मुलीच्या गोड बोलण्याला. सगळं धरून साडेतीन. बहिणीच्या मधल्या पट्ट्याच्या बांधकाम परवान्याचं काम आम्ही पुन्हा त्यांनाच दिलंय, यावरून काय ते समजा. या वेळी "इतर खर्च" आधीच कागदावर लिहून घेतलाय, आणि प्रत्येक नकाशा अपलोड करण्याआधी मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, असं ठरलंय. कॅल्क्युलेटर घेऊन बसतो.

जाणाऱ्यांसाठी: मूळ कागद दाखवा, ठेवून येऊ नका, खालीच झेरॉक्स आहे. साडेअकराच्या आधी जाऊ नका, सर साइटवर असतात. गाडी लावायला खाली जागा नाही. शहराला पार्किंग शिकवणाऱ्या ऑफिसाचंच स्वतःचं पार्किंग नाही, पुढच्या गल्लीत लावून चालत या.