कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, फुटपाथवरच्या झाडाच्या आळ्यात वापरून बघितली
घरासमोरच्या फुटपाथवर झाडाभोवतीचा चौकोन नुसताच पडून होता, माती एवढी टणक की खुरपं आपटलं तरी उडून हातात यायचं, म्हणून ही ६५० ग्रॅमची वीट मागवली. पाण्यात टाकली तर अर्ध्या तासात फुगून जवळजवळ बादलीभर झाली, भारीच! पण पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, ते पिळून टाका, त्यात क्षार असतात. आणि नुसत्या कोकोपीटवर रोपं तगत नाहीत हां, खत मिसळावंच लागतं, पाकिटावर हे कुठेच लिहिलेलं नाही. मी ऑफिसटाईम या फुलझाडाच्या काड्या खोचल्या, महिनाभरात फुलं. बुंध्याला चिकटवून मात्र भरू नका, साल कुजते. सुकलं की वाऱ्याने उडतं, म्हणून चारच स्टार.