आरओ सिम्युलेशनसाठी वेव्ह, वॉटरटॅप की ओपनफोम?

आरओ म्हणजे पाणी दाबाने मेंब्रेनमधून (अतिबारीक गाळणीतून) ढकलून मीठ वेगळं करणं. अशा प्लांटला किती मेंब्रेन लागतील, प्रेशर किती, पंप केवढा घ्यायचा एवढंच ठरवायचं असेल तर सरळ ड्यूपॉन्टचं वेव्ह घ्या. फुकट आहे, जुन्या रोसा सॉफ्टवेअरच्या जागी आलंय, यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, आरओआधीचं गाळण) आणि आरओ एकाच प्रोजेक्टमध्ये बसतात. फक्त एकाच टेम्परेचरवर रन करून थांबू नका हं, थंड पाण्याला प्रेशर जास्त लागतं आणि गरम पाण्यात मीठ जास्त निसटतं, त्यामुळे पंप हिवाळ्यावर ठरतो आणि पाण्याची क्वालिटी उन्हाळ्यावर. अडचण एवढीच की मेंब्रेन ड्यूपॉन्टचीच, हायड्रानॉटिक्स या दुसऱ्या कंपनीची हवी तर त्यांचं आयएमएसडिझाइन वापरा, आणि आतली समीकरणं काही बदलता येत नाहीत.

समीकरणांना हात घालायचाय, खर्च कमीत कमी कुठे येतो ते शोधायचंय, तर वॉटरटॅप. ओपन सोर्स आहे, पायथॉनमध्ये, पायोमो या ऑप्टिमायझेशन लायब्ररीवर चालतं, पण पायथॉन येत नसेल तर सुरुवातीला घाम फुटतो. यात आरओचं झीरो-डी (अख्ख्या मेंब्रेनची एकच सरासरी) आणि वन-डी (लांबीवर टप्प्याटप्प्याने हिशोब) असं दोन्ही मॉडेल मिळतं, समुद्राच्या पाण्याला मी वन-डीच घ्या म्हणेन. बघा ना, लिटरला 35 ग्रॅम मीठ म्हणजे ऑस्मोटिक प्रेशर (पाणी पलीकडे जायला आधी ओलांडावा लागणारा दाब) साधारण 27 बार, आणि 50 टक्के रिकव्हरी, म्हणजे निम्मं पाणी गाळून घेतलं, असं धरली की शेवटच्या मेंब्रेनपाशी मीठ दुप्पट होऊन तेच 55 बारच्या आसपास जातं. फीड 60 बारने दिलं तर पहिल्या मेंब्रेनला तिसेक बार जोर मिळतो आणि शेवटच्याला जेमतेम पाच, पाणी गाळलं जातं ते बहुतेक सुरुवातीच्याच मेंब्रेनमधून, फाउलिंगचा (मेंब्रेनवर घाण बसण्याचा) मारही त्यांनाच बसतो. नुसत्या सरासरीत हे दिसतच नाही.

ओपनफोम हे ओपन सोर्स सीएफडी (प्रवाहाचं बिंदूबिंदूला गणित करणारं) सॉफ्टवेअर तेव्हाच, जेव्हा प्रश्न स्पेसरच्या, म्हणजे मेंब्रेनच्या थरांमधल्या जाळीच्या, आतला असेल. एक मिलिमीटरपेक्षा कमी उंचीच्या चॅनेलमध्ये जाळीच्या दोऱ्यामागे पाणी कुठे रेंगाळतं आणि तिथे मीठ कसं साचतं, हे फक्त सीएफडीच दाखवतं. पण मेंब्रेनजवळ मेश (गणितासाठी पाडलेल्या खणांची जाळी) खूप बारीक लागते, मेंब्रेनमधून किती पाणी आणि मीठ जातं ते सांगणारी बाउंड्री कंडिशन बहुधा स्वतःच लिहावी लागते, आणि अख्खा प्लांट यात बसवायचा विचारही करू नका. एमटेकला एकच सेमिस्टर हातात असेल तर मी वॉटरटॅपच सुचवेन.

आणि फाउलिंगचं उत्तर यातलं कुठलंच आपणहून देत नाही. वेव्हमधला फ्लो फॅक्टरसुद्धा (नव्याच्या मानाने मेंब्रेन किती पाणी सोडतं तो आकडा) तुम्हीच टाकायचा असतो, 1 म्हणजे नवं मेंब्रेन, त्याखाली म्हणजे जुनं होत आलेलं, आणि तो आकडा तुमच्याच पाण्यावर पायलट (छोटा चाचणी प्लांट) चालवून काढा.